रातकिडे कोणी घालायचे?

दादासो मगदूमांच्या घरात बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी राहायला आलं, आणि आलेल्याची पहिली अट अशी की त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

आलेला सरडा होता. म्हणजे अनेकांतच्या भाषेत शॅमेलिऑन. मूळचा येमेनकडचा, सरकारी वेबसाइटवर रीतसर नोंद असलेला, नाव नोव्हा. अनेकांत हा दादासोंचा मुलगा. पुण्यात नोकरीला होता तोवर हा प्राणी त्याच्या खोलीवर होता. पुढं जर्मनीची नोकरी लागली, तेव्हा जर्मनीनं अनेकांतला व्हिसा दिला, सरड्याला दिला नाही. मग एका रविवारी जाळीचा उंच पिंजरा, दोन दिवे, फवाऱ्याची बाटली, कुंडीतलं झाड आणि सरडा असा सगळा संसार गाडीत घालून तो राजारामपुरीत आला.

"पप्पा, तुम्ही घरी एकटेच असता. सोबत होईल तुम्हाला," तो म्हणाला. आणि श्वास न घेता पुढं म्हणाला, "फक्त त्याला सोबत आवडत नाही हं. एकटा राहणारा प्राणी आहे तो."

दादासोंनी मान डोलावली. एकटं राहणाऱ्यांबद्दल त्यांना नव्यानं काही शिकायचं नव्हतं. शिरोली एमआयडीसीत त्यांचं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवायचं वर्कशॉप होतं. ते कॉम्प्युटरवर पॅटर्न काढणाऱ्या पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले होते. त्यांच्या पत्नी अरुणाताई लेकीच्या, आदितीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या. बाळ आता धरून धरून चालत होतं, तरी बाळंतपण संपलं नव्हतं. आदितीला रजा मिळत नव्हती, बाळाला पाळणाघर मानवत नव्हतं, आणि अरुणाताईंना पुणं मानवलं होतं, हे तेवढं कुणी बोलून दाखवत नव्हतं.

जाताना अनेकांतनं हात लावायची पद्धत शिकवली. वरून हात न्यायचा नाही, कारण वरून येते ती घार. खालून न्यायचा, हळू, फांदी असल्यासारखा. समोरासमोर डोळे भिडवायचे नाहीत. तो चढला तर चढला, नाही तर हात काढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत.

दादासोंनी सगळं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, गंध लावून पिंजऱ्याचं दार उघडलं आणि सरड्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. घरात आलेल्या लहान जिवाच्या डोक्यावरून हात फिरवायचा असतो, ही साठ वर्षांची सवय. सरडा फुगला. हिरव्याचा काळपट झाला, तोंड वासून साप फुस्स करतो तसं त्यानं केलं आणि मागं सरता सरता फांदीवरून खालीच पडला. आपला आशीर्वाद कुणी इतक्या स्पष्टपणे नाकारल्याचा दादासोंचा हा पहिलाच अनुभव होता. जवळची माणसं निदान तेवढ्यापुरतं वाकतात.

मग त्यांना वाटलं, याला करमत नसेल. म्हणून अरुणाताईंचा हात-आरसा त्यांनी जाळीला बाहेरून टांगला. आपलंच तोंड का होईना, कुणीतरी दिसेल. सरडा दिवसभर त्या आरशाकडे बघून रंग बदलत, डुलत, फुत्कारत राहिला. दादासोंना वाटलं, गप्पा चालल्यात.

"पप्पा, तो भांडतोय!" रविवारी अनेकांत व्हिडिओ कॉलवर ओरडला. "त्याला वाटतंय दुसरा नर घुसलाय. काढा तो आरसा!"

आरसा निघाला. व्हिडिओ कॉल मात्र चालू राहिले, आणि खरं सांगायचं तर तीच सरड्याची मोठी कमाई होती. आधी अनेकांतचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. आता दर रविवारी यायला लागला. "पप्पा, कॅमेरा फिरवा," हे त्यातलं पहिलं वाक्य असायचं. दादासो कॅमेरा फिरवायचे. मग अनेकांतला सरडा दिसायचा आणि दादासोंना कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात अनेकांत दिसायचा. सौदा वाईट नव्हता.

नोव्हा हे नाव काही दादासोंच्या तोंडी बसेना. "अरे-तुरे" करावं तर ओळख नाही. शेवटी "ऐकलं का" एवढ्यावर आलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला ज्या नावानं हाक मारली, त्याच नावानं आता ते सरड्याला मारू लागले, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

खरा घोळ झाला तो जेवणाचा.

मगदूमांच्या जैन घरात कांदा येत नाही, बटाटा येत नाही, सूर्य मावळला की चूल पेटत नाही. त्या घरात कुरिअरनं भोकं पाडलेलं खोकं आलं, त्यात जिवंत रातकिडे. अनेकांतनं सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि खोकं हातात घेऊन त्यातली वळवळ तळहाताला जाणवणं वेगळं. दादासोंनी खोकं टेबलावर ठेवलं आणि लांब जाऊन बसले. रातकिडा हा चार इंद्रियांचा जीव. सरडा पाच इंद्रियांचा. चार इंद्रियांचे जीव आपल्या हातानं पाच इंद्रियांच्या तोंडात घालायचे, आणि पाच इंद्रियांचाच तिसरा जीव, म्हणजे आपण, समोर उभं राहून बघायचं. लहानपणी पाठशाळेत शिकलेला हा हिशेब इतक्या वर्षांनी असा समोर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी त्यातून मार्ग काढला. जास्वंदीची पानं पिंजऱ्यात ठेवली. सरड्यानं एक पान कुरतडलं. दादासोंना इतका आनंद झाला की त्यांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्यावर चार जणांना सांगितलं, "आमच्याकडचा सरडा शाकाहारी झाला." दोघांनी हात जोडले. एकजण म्हणाला, पूर्वजन्मीचा कुणी श्रावक असेल.

"पप्पा, ते तो टाइमपास म्हणून खातो," अनेकांत म्हणाला. "तुम्ही शेंगा खाता तसं. शेंगांवर माणूस जगेल का? किडे घाला."

आता प्रश्न उरला, घालायचे कुणी. भांडी घासायला येणाऱ्या बाळाबाईंना त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी?" बाळाबाईंनी तवा तसाच धरून ठेवला. "आओ, तुमी पाप टाळणार आन माझ्या पदरात टाकणार व्हय? भांडी घासती, फरशी पुसती. पाप घासायचं काय ठरलं न्हवतं."

दादासोंनी खोकं उचलून बाजूला ठेवलं. मग त्यांना हंबीरराव आठवले.

हंबीरराव तीन घरं सोडून राहायचे. दूध संघाचा टँकर चालवून निवृत्त झालेले. त्या इंजिनाच्या वर बोलायची सवय लागली होती. इंजिन गेलं, आवाज राहिला. ते नुसते "बरं हाय का" म्हणाले तरी खिडकीची काच थरथरायची. पाप-पुण्याच्या बाबतीत मात्र त्यांचं मन मोकळं होतं.

"त्यात काय हाय?" हंबीरराव म्हणाले. "कोंबडं कापतोय मी, रातकिड्याला घाबरतोय व्हय? आना खोकं."

असा बेत ठरला. रोज सकाळी अकरा वाजता हंबीरराव यायचे. दादासो आत जाऊन चहा ठेवायचे आणि चहा उकळेपर्यंत मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर यायचे नाहीत. बाहेर रातकिडे पिंजऱ्यात पडायचे. मग दोघं चहा घ्यायचे आणि एक-दीड वाजेपर्यंत गप्पा मारायचे. म्हणजे हंबीरराव बोलायचे आणि दादासो मध्ये मध्ये "हळू" म्हणायचे.

"हळूच बोलतोय की!"

"त्यो घाबरतोय हो."

"घाबरतोय कसला? नाटकं हाईत. काय पैलवान? डोक्यावर फेटा बांधून बसलाय आन भ्यालाय म्हणं!" सरड्याच्या डोक्यावर शिरपेचासारखा उंचवटा होता, त्यावरून हंबीररावांनी त्याला पैलवान ठरवून टाकलं होतं.

दादासोंना हे अकरा ते दीड फार आवडू लागलं. ते आपण सरड्यासाठी आवडून घेतो अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. दहा वाजल्यापासून ते कप पुसून ठेवायचे. अरुणाताईंचा फोन आलाच तर "हंबीरराव यायचेत" असं म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांना आपण कामात असलेला माणूस आहोत असं वाटायचं.

सरड्याचं मात्र काही बरं चाललं नव्हतं. अकरा वाजले की तो फांदीच्या मागच्या बाजूला जाऊन चपटा व्हायचा. चपलांचा आवाज जिन्यात आला की त्याच्या अंगावर काळे पट्टे उठायचे. किडे पडायचे, पण त्याची जीभ बाहेर यायची नाही; संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर कधी एखादा खायचा. हंबीररावांना हे बघवेना. जनावराला माणसाची सवय लावावी लागते, या मताचे ते. एक दिवस त्यांनी दार उघडलं आणि पैलवानाला मानेमागून वरच्या वर उचललं.

"बघा, कायसुदिक करत न्हाय—"

सरडा चावला. लागलं काहीच नाही, पण हंबीररावांनी दचकून हात झटकला आणि तो फरशीवर पडला. पडल्यावर पळालाही नाही. कोळशासारखा काळा होऊन नुसता पडून राहिला. दादासो स्वयंपाकघरातून पळत आले. चहा उतू गेला.

त्यानंतर त्यानं खाणं सोडलं, आणि दिवसाढवळ्या डोळे मिटून बसायला लागला.

अनेकांतनं फोनवर ते मिटलेले डोळे बघितले. मग त्यानं शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ही वर्षाराणी, जनावरांची डॉक्टर, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. ती दवाखान्यात जाता जाता आली, पिंजऱ्यापासून चार हात लांब उकिडवी बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"काका, दिवसा डोळे मिटणं चांगलं नाही याचं," ती हळू आवाजात म्हणाली. "हाड वगैरे मोडलेलं नाही. दिवे बरोबर आहेत, पाणी बरोबर आहे. याला खायला कोण घालतं?"

दादासोंनी सांगितलं. आपण आत का जातो तेही सांगितलं. सांगताना त्यांना ते पहिल्यांदाच थोडं विचित्र वाटलं.

"म्हणजे तुम्ही त्याला रोज दिसता, पण त्याच्याजवळ जात नाही. आणि जे जवळ जातात त्यांचा आवाज मला घरात बसून ऐकू येतो." ती उठली. "काका, याला एकच माणूस पाहिजे. एकच हात, रोज तोच, गुपचूप. बाकी येणं-जाणं बंद. असंच चाललं तर भुकेनं नाही, भीतीनंच जाईल तो."

"हंबीररावांना सांगितलं तर हळू बोलतील."

वर्षाराणीनं फक्त त्यांच्याकडे बघितलं. ती याच भागातली होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दादासो दारातच उभे राहिले. जिन्यात चपला वाजल्या. हंबीररावांच्या हातात कागदाच्या पुडीत गरम भजी होती, बिनकांद्याची. मगदूमांसाठी मुद्दाम कोबीची करून घेतली होती.

"काय मगदूम, दारात? पैलवान पळाला का काय?"

"हंबीरराव, जरा हळू. डॉक्टर आलती काल. म्हणाली, काही दिवस कुणाचं येणं-जाणं नको."

"कुणाचं म्हंजे?"

"म्हणजे... कुणाचंच."

हंबीररावांनी पुडी या हातातून त्या हातात घेतली. "म्हंजे मी यायचं न्हाय."

"तसं न्हाई हो. थोडे दिवस. आपण खाली कट्ट्यावर बसू की."

"कट्ट्यावर बसाय माझं कंबरडं मोडलंय. आन घरात बसाय सूनबाईची टीव्ही हाय, नातवांचा अभ्यास हाय, माझा आवाज त्यास्नी चालत न्हाय." त्यांनी दारातूनच पिंजऱ्याकडे बघितलं. "मी हितं काय सरडा बघाय येत हुतो व्हय?"

दादासोंना यावर खूप काही बोलायचं होतं. मीही सरड्यासाठी तुम्हाला बोलवत नव्हतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाली, एकच हात पाहिजे."

"मग किडं कोण घालणार? बाळाबाई?"

"मीच."

हंबीरराव हसतील असं दादासोंना वाटलं होतं. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुडी पुढं केली, दादासोंनी घेतली. इकडं कुणाकडून निघताना माणूस "येतो" म्हणतो. तो कधीच परत येणार नसला तरी म्हणतो. हंबीरराव "जातो" म्हणाले, तेही इतक्या हळू की खिडकीच्या काचेला पत्ता लागला नाही.

त्या दिवसापासून घर असं शांत झालं की खोक्यातले रातकिडे हॉलमध्ये ऐकू यायला लागले. दादासो त्यांना काकडीच्या चकत्या घालायचे. गाजर घालायला अनेकांतनं सांगितलं होतं, पण गाजर जमिनीखालचं, ते घरात येत नव्हतं. तेव्हा या घरातले रातकिडेही मरेपर्यंत धर्मानंच राहिले.

पहिले काही दिवस त्यांनी किडा घातलाच नाही. नुसता हात घातला. अनेकांतनं सांगितलं होतं तसा: खालून, हळू, बोटं सैल, नजर दुसरीकडे. वर्कशॉपमध्ये ओल्या डिंकाचे सांधे धरून ते तास तास न हलता बसायचे. तेवढं एक कौशल्य शरीरात शिल्लक होतं. हात अवघडायचा. कॅलेंडरवरचं चित्र बघून बघून पाठ झालं. सरडा काळे पट्टे घेऊन फांदीमागं जायचा. दादासो हात काढून घ्यायचे, स्वयंपाकघरात जाऊन बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत. लांबून कुठून तरी, बहुतेक रस्त्यावरून, हंबीररावांचा आवाज यायचा. दादासोंना वाटायचं, कुणाशी बोलत असतील.

पट्टे हळूहळू फिके झाले. एक डोळा हाताकडे आणि दुसरा छताकडे अशी त्याची पाहणी सुरू झाली. डोळे दिवसभर उघडे राहू लागले. पण अंग वाळत चाललं होतं, बरगड्या मोजता येतील असं. वर्षाराणीचा मेसेज आला: खाल्लं का? नाही तर सोमवारी नळीनं भरवावं लागेल, आणि ते तो सोसेल असं नाही.

रविवारी दुपारी दादासोंनी खोकं उघडलं.

त्यांनी णमोकार मंत्र म्हटला. कुणाच्या वतीनं म्हणतोय, रातकिड्याच्या, सरड्याच्या की स्वतःच्या, हे त्यांना ठरवता आलं नाही. म्हणून दुसऱ्यांदा म्हटला. मग दोन बोटांच्या चिमटीत एक रातकिडा धरला. तो इतका हलका होता की धरलाय की नाही हे कळेना, फक्त मागच्या पायांची धडपड बोटाला लागत होती. इतके दिवस हे आपण करत नव्हतो म्हणजे होत नव्हतं असं नाही, हा विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांनी पुढं ढकलला नाही. हात खालून, हळू, पिंजऱ्यात नेला आणि कॅलेंडरकडे बघत बसले.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग बोटांना एक चिकट, ओलसर झटका बसला आणि चिमूट रिकामी झाली. जीभ त्यांना दिसलीसुद्धा नाही. आतून काहीतरी चावल्याचा बारीक कुरकुर आवाज आला. दादासोंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणासाठी, हा हिशेब त्यांनी या वेळी केला नाही. ते दुसरा घ्यायला वळले, तोही गेला, तिसराही. आणि हात काढायच्या आत फांदीवरून एक पाय, चिमट्यासारखा, त्यांच्या करंगळीवर आला. थंड होता. पकड अगदी हलकी, पण पकड होती. सरड्यानं दुसरा पाय उचलला, हवेत डुलवला, विचार केला आणि मागं घेतला. मग पहिलाही घेतला. तो हिरवागार होता.

दादासो दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात आले, दार लोटून घेतलं आणि पुण्याला फोन लावला.

"बाळाला आंघोळ घालतेय हो," अरुणाताई म्हणाल्या. मागं पाण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. "काही विशेष?"

"काही न्हाई. सरड्यानं..."

"मग करते हं फोन."

दादासो फोन हातात घेऊन बसले. बस्तीत सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तिथं अजून सरडा शाकाहारी होता. बाळाबाईंना सांगितलं असतं तर त्या कानाला हात लावून निघून गेल्या असत्या. ज्याला सांगितल्यावर "मारली की बाजी, मगदूम!" असं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं, त्या एका माणसाला त्यांनी स्वतः दारातून परत पाठवलं होतं. त्यांनी हंबीररावांचा नंबर काढला, बघितला. बोलावलं तर ते येतील. त्या आवाजासकट येतील, आणि पलीकडे जाळीत आज पहिल्यांदा कुणीतरी हिरवं बसलं होतं. त्यांनी फोन पालथा ठेवला.

तो लगेच वाजला. अनेकांत.

"पप्पा! काय झालं? खाल्लं?"

"तीन खाल्ले. माझ्या हातनं."

"तुमच्या हातानं? तुम्ही घातलेत?" तिकडं खुर्ची सरकली. "ग्रेट! दाखवा, दाखवा. कॅमेरा फिरवा."

दादासोंनी लोटलेल्या दाराकडे बघितलं. दार उघडायचं, हॉलमध्ये जायचं, फोन समोर धरायचा. आठवडाभर वाट बघितलेला चेहरा निदान दहा मिनिटं कोपऱ्यातल्या चौकोनात राहिला असता.

"आता नको," ते म्हणाले. "आताच जेवलाय. दचकेल."

"लांबून दाखवा ना."

"नको रे. एकटा बसू दे त्याला."

स्क्रीनवर आता एकमेकांचे चेहरेच तेवढे होते, आणि दोघांनाही त्यांचं काय करायचं हे माहीत नव्हतं. अनेकांतचे केस वाढले होते. त्याच्या मागं खिडकीत झाडाला एकही पान नव्हतं.

"तिकडं थंडी पडली का?" दादासोंनी विचारलं.

"हो. पडली."

"स्वेटर?"

"आहे. बरं मग... उद्या फोटो पाठवा. ठेवू?"

"ठेव."

बाहेर उन्हं उतरली होती. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून दादासोंनी भाकरी आणि दोडक्याची भाजी ताटात घेतली आणि ओट्याशीच स्टूल ओढून बसले. जेवता जेवता हॉलमधून नखं फांदीवर घासल्याचा बारीक आवाज आला. सरडा लपलेल्या जागेतून बाहेर निघाला असावा. घरात कुणी नाही अशा भरवशानं तो पिंजऱ्यात फिरत होता. दादासोंनी घास थांबवून ऐकलं. मग भाकरीचा तुकडा आवाज न करता मोडला, आणि जागचे उठले नाहीत.